कॅम्परच्या टायरची हवा उतरली, तर?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सुट्ट्या संपल्या की टायरबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी कॅम्परवाल्यांची, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या चालवणाऱ्यांची, पत्रं जास्त आली. सारख्या आशयाची एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमचा कॅम्पर ट्रॅव्हलरवर बांधलेला आहे, मागे एकेरी चाकं. दाराजवळच्या स्टिकरवर मागच्या टायरला थंड असताना ६० पीएसआय (पंपावरचे ‘पॉइंट’) हवा लिहिली आहे. कराडहून चिपळूणला जाताना पाटण सोडल्यावर टायरचा दाब दाखवणाऱ्या सेन्सरने डाव्या मागच्या टायरला ४८ दाखवलं. उजव्या मागच्याला ६५ होतं. पुढे कुंभार्ली घाट, म्हणून कोयनानगरला ६० पर्यंत हवा भरून घेतली आणि निघालो. चिपळूणला पाहिलं तर पुन्हा ५२. पुढचे दोन दिवस असेच भरत भरत फिरलो. यात धोका होता का? — एक वाचक, सातारा

उत्तर : होता, आणि तो घाट सुरू होण्याआधीच निर्माण झाला होता.

तुम्ही ४८ हा आकडा ६० च्या शेजारी ठेवून पाहिलात. पण ६० हा थंड टायरचा आकडा आहे आणि ४८ हा तापलेल्या टायरचा. ६० पीएसआयच्या टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण अडीच पीएसआयने वाढतो. तुमचा उजवा टायर ६० वरून ६५ वर गेला होता, म्हणजे सुमारे २० अंशांनी तापला होता. डावाही किमान तितकाच तापलेला असणार. खरं तर जास्तच, कारण कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो आणि त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते. म्हणजे तुमचे ४८ थंड असताना फार तर ४४ होते.

आता महत्त्वाचा आकडा. टायरच्या धंद्यात जुना दंडक आहे : सांगितलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याखालच्या हवेवर चाललेला टायर ‘सपाट चाललेला’ धरायचा. ६० चे ८० टक्के ४८. तुम्ही ४४ वर होतात. असा टायर नुसती हवा भरून पुन्हा रस्त्यावर घ्यायचा नसतो. तो रिमवरून उतरवून आतून पाहावा लागतो. आत बाजूच्या भिंतीवर सुरकुतल्यासारखा पट्टा दिसला, किंवा रबराची काळी पूड हाताला लागली, तर आतले धागे भाजले आहेत. तो टायर बाहेरून नवा दिसला तरी भंगारात काढा. तुमचा टायर अजून उतरवला नसेल तर हे वाचून झाल्यावर उतरवा.

दुसरी चूक कोयनानगरला झाली. तापलेल्या टायरमध्ये ६० भरलीत, म्हणजे थंड असतानाची ५५. वाटेत हवा भरायची वेळ आलीच तर स्टिकरचा आकडा विसरा आणि त्याच एक्सलवरचा दुसरा, चांगला टायर त्या क्षणी किती दाखवतोय तितकी भरा. तुमच्या बाबतीत ६५. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, दोन्ही टायर स्टिकरप्रमाणे करून घ्या.

सेन्सरने इशारा दिला की क्रम असा ठेवा. ब्रेक जोरात दाबू नका. वेग उतरवत रुंद, कठीण, सपाट जागेपर्यंत जा. घाटात वळणावर असाल तर ताशी १५-२० च्या वेगाने शे-दोनशे मीटर पुढे जाऊन जागा गाठा. टायर गेला तरी हरकत नाही, वळणावर थांबणं जास्त महागात पडतं. त्रिकोण किमान ५० मीटर मागे, आणि मागे वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवा. माणसं गाडीबाहेर, रस्त्याच्या कडेपलीकडे. मग चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, टेकवू नका. एकाच चाकाला भट्टीसारखी धग लागत असेल तर दोष टायरचा नाही, ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग जातंय. तिथे हवा भरून काही साधणार नाही.

धग सारखी असेल तर गळती शोधा. पाण्याच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकून झाकणाला भोक पाडा. आधी व्हॉल्व्ह : टोपी काढून तोंडावर पाणी सोडा. फुगा आला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात कचरा आहे. पिन घट्ट करायचा छोटा पान्हा आणि चार जादा पिना मिळून शंभर-दीडशे रुपयांच्या आत येतात, पण बहुतेकांच्या डिकीत नसतात. मग व्हॉल्व्हचा रबरी दांडा मुळाशी हलक्या हाताने वाकवून पाणी सोडा. कॅम्परच्या टायरची हळू गळती बऱ्याचदा इथेच सापडते, आणि त्याला कारण आहे. कारला लागतो तो साधा रबरी व्हॉल्व्ह, टीआर ४१३, ६५ पीएसआयपर्यंतच्या कामासाठी बनवलेला असतो. ६० थंड म्हणजे त्या मर्यादेच्या काठावर, आणि त्यावर सेन्सरचं ओझं लटकलेलं. टायर बदलताना पंक्चरवाला हाताशी असलेला तोच व्हॉल्व्ह ठोकून मोकळा होतो. त्याला नटने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह मागा, नाहीतर जास्त दाबाचा टीआर ६०० एचपी.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर नक्षी तपासा. खिळा दिसला तर लगेच उपटू नका. भोवती खडूने गोल करा आणि हवा किती वेगाने जातेय ते मोजा. पाच मिनिटांत एक पीएसआयपेक्षा कमी उतरत असेल, दाब अजून ८० टक्क्यांच्या बराच वर असेल आणि दुकान पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असेल, तर खिळा तसाच ठेवून, हवा पूर्ण करून, ४०-५० च्या वेगाने दुकान गाठणं हेच बरं. त्याहून वेगाने उतरत असेल तर तिथेच स्टेपनी चढवा किंवा भोकात रबरी स्ट्रिप मारा.

स्ट्रिप मारायची तर : खिळा कोणत्या कोनात गेलाय ते पाहून त्याच कोनात पक्कडीने ओढा. कानशीसारखी सुई त्याच कोनात घालून १०-१५ वेळा फिरवत आत-बाहेर करा. कंटाळा करू नका. पट्ट्यांतल्या पोलादी तारांची टोकं तशीच टोकदार राहिली तर ती दोन दिवसांत स्ट्रिप कापतात. स्ट्रिप दुसऱ्या सुईच्या नेढ्यात मध्यावर ओवा, सोल्युशन लावा, दोन्ही टोकं बाहेर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उरेपर्यंत आत ढकला आणि सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. वरचे शेपूट २-३ मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरा, साबणाचं पाणी सोडा. हे फक्त नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला. खांद्याला (नक्षी आणि भिंत जुळते ती कड) किंवा बाजूच्या भिंतीला स्ट्रिप मारून देणारा सापडेलही, पण त्यावर कुटुंब घेऊन घाट उतरू नका. इतक्या दाबाच्या टायरला बाहेरून मारलेली स्ट्रिप ही मुक्कामापर्यंतची सोय आहे. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा देठ असलेला पॅच) लावायचा.

राहिली कमी हवेवर चाललेल्या टायरमध्ये पुन्हा हवा भरण्याची गोष्ट. असा टायर भरताना भिंतीसमोर उकिडवं बसायचं नाही. क्लिपचं तोंड असलेला निदान तीन मीटरचा पाइप लावा आणि नक्षीच्या रेषेत उभे राहा. आतून तडतड ऐकू आली की भरणं बंद, आणि जवळ न जाता पाइपच्या दुसऱ्या टोकातूनच हवा सोडून द्या.

प्रश्न : बारा व्होल्टचा पंप घेतलाय, खोक्यावर १५० पीएसआय लिहिलंय. कारला झकास चालतो. कॅम्परच्या टायरला मात्र अर्धा तास लागला आणि सॉकेटचा फ्यूज उडाला. पंप खराब आहे का? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : पंप ठीक आहे, काम चुकीचं दिलंय. १५० ही पंप गाठू शकेल त्या दाबाची कमाल, आणि मिनिटाला इतके लिटर हा खोक्यावरचा आकडा दाब शून्य असतानाचा. समोरून ४०-५० चा दाब अंगावर आला की तोच पंप त्याहून बरीच कमी हवा देतो. कॅम्परच्या पंधरा इंची टायरची पोकळी ४५-५० लिटर असते. ४० वरून ६० ला जायला साधारण ६५ लिटर बाहेरची हवा आत दाबावी लागते. दहा-पंधरा मिनिटं सलग चालावा म्हणून बनवलेला पंप तिथे भाजतो. सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १०-१५ अँपिअरचा. त्याहून मोठा फ्यूज टाकून प्रश्न सोडवू नका, आग वायरिंगला लागते.

बॅटरीला थेट चिमटे लावायचा, ३० अँपिअरच्या आसपास खेचणारा, दोन सिलिंडरचा पंप घ्या. इंजिन चालू ठेवा. तुमच्या कॅम्परमध्ये मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर घरगुती विजेवरचा लहान कॉम्प्रेसरही चालतो, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. हजार वॉटच्या इन्व्हर्टरवर साडेसातशे वॉटचा कॉम्प्रेसर सुरू होईलच असं धरून चालू नका, घरी लावून बघा.

आणि दाब मोजायचं वेगळं गेज ठेवा, ०-१०० पीएसआयचं. पंपाच्या अंगावरचं गेज हवा चालू असताना पाइपातला दाब दाखवतं, टायरमधला नाही.

प्रश्न : मातीच्या कडेवर जॅक लावताना कॅम्पर पुढे सरकला आणि जॅक आडवा झाला. हँडब्रेक ओढलेला होता. असं का व्हावं? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि मागचंच एक चाक तुम्ही उचललंत. जमिनीवर ब्रेक लागलेलं एकच चाक उरलं. गिअर टाकला असला तरी डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक फिरू शकतं, त्यामुळे गिअरचा भरवसाही निम्माच. म्हणून मागचं चाक उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी हव्यात. दगड चालतात, पण गोटे नकोत.

आधी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, माणसं उतरवा, पायरी आत घ्या, छत्री मिटा. नट जमिनीवरच अर्धा आटा सैल करा. जॅकखाली ३०×३० सेंटिमीटरची, ४ सेंटिमीटर जाड फळी. मातीत बाटली जॅकचा तळ चाकूसारखा रुततो. साडेतीन टनांच्या गाडीला पाच टनी जॅक घ्या. तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, सहसा एक्सलखाली. कॅम्पर डगमगू नये म्हणून लावतात ते स्टॅबिलायझरचे पाय गाडी उचलायला नसतात, ते वाकतात. उचललेल्या गाडीखाली काढलेलं चाक आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसेल.

नट एकाआड एक, समोरासमोर आवळा, आणि ५० ते ८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. रंगाच्या थरावर किंवा मातीवर बसलेली रिम तेवढ्यात सैल होते. पान्ह्यावर उभं राहून उड्या मारणं मात्र सोडा, स्टडचे आटे खेचले जातात.

आणखी एक. तुमच्या कॅम्परची स्टेपनी चेसिसखाली साखळीवर टांगलेली असेल, तर प्रवासाआधी घरी एकदा उतरवून पाहा. सांडपाण्याची टाकी किंवा तिचा पाइप बसवणाऱ्याने नेमका तिच्या वाटेत आणलेला असतो. हे रात्री रस्त्यावर कळणं फार वाईट.

प्रश्न : मागे जोडचाकं आहेत. आतल्या टायरची हवा कमी झाली तरी गाडी व्यवस्थित चालते. बाहेरच्याच्या भरवशावर शंभर किलोमीटर जाता येईल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. ‘व्यवस्थित चालते’ हाच घात आहे. आतल्याचा सगळा भार बाहेरच्यावर जातो आणि तो त्याच्या क्षमतेच्या पलीकडे जातो. वर मऊ पडलेला टायर फुगून शेजारच्याला घासतो. दोन रबरी भिंती एकमेकींना घासून पेटतात. ट्रकांना मागून लागणाऱ्या कित्येक आगी अशाच.

सळईने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत सपाट झालेला टायर ओळखते, १५ पीएसआयने कमी असलेला नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला धातूची एक्स्टेन्शन नळी लावून ती बाहेरच्या रिमच्या खिडकीपर्यंत आणा, आणि ती रिमला क्लिपने बांधा. सुटी राहिली तर हलून हलून तीच गळते. दोन टोकांचं, ट्रकवाल्यांचं गेज घ्या. एक टायर बदलायची वेळ आली तर जोडीतल्या दोघांच्या व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळा भार घेतो आणि लहान नुसता घासत जातो. आणि टायरांत अडकलेला दगड दर थांब्याला बघा.

प्रश्न : लेहला जाताना उंचीमुळे हवा वाढते, म्हणून दहा पॉइंट कमी करूनच निघा असं काहींनी सांगितलं. खरं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिलं वाक्य खरं, सल्ला चुकीचा. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला साडेनऊच्या आसपास. म्हणजे गेज ५ ने वाढेल. ५,३५९ मीटरवरच्या खार्दुंग लाला ७ ने. पण ठाण्याला ३५ अंशात भरलेला टायर लेहच्या सकाळी ५ अंशात उभा असतो, आणि ३० अंशांचा हा उतार ७ पीएसआय खाऊन टाकतो. ६० चे होतात ५८. दहा काढून निघालात तर तिथे ४८ वर दगडगोट्यांतून गाडी हाकाल. रिम आणि दगडाच्या मध्ये टायर चिमटून भिंतीला चीर पडते आणि ती कुठल्याच किटने भरत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी, ऊन टायरवर येण्याआधी, मोजा आणि स्टिकरप्रमाणे करा. एवढंच. परत सपाटीला आलात की पुन्हा मोजा. खिंडीत गरम टायर ६८ दाखवतोय म्हणून हवा सोडू नका. आणि तिथली हवा विरळ, म्हणून तुमचा पंप घरच्यापेक्षा दीडपट वेळ घेईल. मध्ये थांबवून गार होऊ द्या.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत आलो आहोत. लास व्हेगासहून मोटरहोम भाड्याने घेऊन ग्रँड कॅनियनला जाणार. वाटेत टायरचा दिवा लागला तर पेट्रोल पंपावर हवा भरता येईल का? — एक वाचिका, मूळच्या पुण्याच्या

उत्तर : भाड्याच्या मोटरहोमपैकी बरेचसे फोर्डच्या ई-४५० चेसिसवर असतात : मागे जोडचाकं, टायर एलटी २२५/७५ आर १६, कमाल दाब ८० पीएसआय. कोणत्या एक्सलला किती हे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे; गाडी ताब्यात घेताना त्याचा फोटो काढा. तिथल्या साध्या पंपांवरची नाणी टाकायची यंत्रं अनेकदा ८० पर्यंत पोचत नाहीत. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपला जा, तिथे ट्रकांच्या रांगेजवळ जास्त दाबाची हवा असते आणि बऱ्याच ठिकाणी टायरचं दुकानही.

दिवा लागला की आधी भाडे कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. न विचारता केलेली दुरुस्ती, स्ट्रिप किंवा फेस भरायचा डबा, यांचे पैसे परत मिळणं कठीण जातं. स्टेपनी गाडीत आहे का हेही निघतानाच विचारा. अनेक गाड्यांत ती नसतेच, आणि असली तरी जॅक दिलेला नसतो. फ्रीवेवर थांबावं लागलं तर शक्यतो पुढच्या एक्झिटने बाहेर पडा. फ्रीवेच्या कडेला वाहतुकीच्या बाजूचं चाक स्वतः बदलायला जाऊ नका. जागा धोक्याची असेल तर ९११.

जुलैत व्हेगासला दुपारी ४० अंशांच्या वर जातं. हवा सकाळी मोजा, उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू यांत तीन-चार पीएसआयचा फरक दिसला तर घाबरू नका.

प्रश्न : जागा वाचवायला स्टेपनी काढून सीलंट आणि किट ठेवलं तर? — एक वाचक, पुणे

उत्तर : २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या ठरावीक प्रवासी गाड्यांना स्टेपनीशिवाय चालवायची मुभा मिळाली. तुमचा कॅम्पर त्यात बसतो का हे आरसी बुकातल्या वर्गावर ठरेल. पण बसत असला तरी काढू नका. सीलंट छोट्या भोकाला चालतं; कापलेल्या भिंतीला आणि तुटलेल्या व्हॉल्व्हला नाही, आणि काही सीलंट सेन्सरचं तोंड बुजवतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला तर मदत येईल, पण तुमच्या मापाचा, तुमच्या प्लाय रेटिंगचा (भार पेलण्याच्या क्षमतेचा) टायर त्यांच्याकडे असेलच असं नाही. कमी रेटिंगचा कारचा टायर तात्पुरता म्हणूनही कॅम्परला चढवायचा नसतो.

जागाच हवी असेल तर आधी गाडी वजनकाट्यावर न्या. पाण्याची टाकी भरून, सामानासकट. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. स्वयंपाकाचा ओटा, टाकी आणि बॅटरी एकाच बाजूला असतील तर त्या बाजूच्या टायरवर किती जास्त भार पडतोय याचाही अंदाज घ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. स्टेपनी साधारण पंचवीस-तीस किलोची. काय काढायचं ते त्यावरून ठरवा.